मॅगझिनला एक वेढा जास्त

चौथ्या छऱ्यानंतर पुन्हा तेच झालं. तिने एअर रायफलचा, छर्रा नळीत सरकवणारा बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला आणि तो अर्ध्यातच अडकला. मॅगझिनमधली छऱ्यांची चकती पुरती फिरलीच नव्हती. छर्रा नळीच्या तोंडाशी तिरका बसून चेपला होता.

"बाई, आता ते मॅगझिन टाकून द्या," शेजारून मेजर म्हणाले. मेजर आयुष्यात कधी सैन्यात नव्हते, बँकेतून निवृत्त झाले होते. पण मिशा आणि आवाज यांच्या जोरावर नेमबाजीच्या क्लबने त्यांना ही बढती दिली होती. "रविवारी स्पर्धा आहे. नवीन घ्या आणि मोकळ्या व्हा."

घरी नवऱ्यानेही तोच सूर लावला. त्याला दुरुस्तीचं वावडंच होतं. नळ गळायला लागला तर पान्ह्याऐवजी तो फोन हातात घ्यायचा.

"मागवतो मी आजच."

"थांब जरा. एकदा उघडून तर बघू दे."

"उघडशील गं. बंद कोण करणार?"

हे तिला झोंबलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. डोळ्यांना दिसतील न दिसतील अशा स्क्रूंशी तिचा दिवसभर संसार. जगाच्या चष्म्यांचे वाकडे दांडे सरळ करायचे आणि स्वतःच्या मॅगझिनपुढे हात टेकायचे, हे काही तिच्या मनाला पटेना. पण नवरा ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने मागवायचं ते मागवलंच.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरला, दुकानातून आणलेले बारके स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडले आणि मॅगझिन समोर घेतलं. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

सासूबाई अलीकडेच त्यांच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. पण दोघी एकमेकींशी इतकं जपून बोलत, की दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बायका वाटाव्यात. घरात बंदूक आहे हे कळल्यावर सासूबाई "असू दे, ज्याची त्याची आवड" एवढंच बोलल्या होत्या आणि त्या दिवसापासून झोपताना खोलीची कडी लावून घेत होत्या.

"ही... ती बंदूक का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"नाही हो आई. बंदूक कपाटात कुलपात आहे. हे नुसतं मॅगझिन. यात छर्रे भरायचे. आत स्प्रिंग असते, ती एकेक छर्रा पुढे सरकवते. आता सरकवत नाही, एवढंच."

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. कप टेबलावर ठेवून वाकल्या. "अगं, हे तर शिलाई मशीनच्या बॉबिन केसचं भावंड दिसतंय!" तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म कॉलर शिवण्यात गेला होता. "यात काय एवढं? तेल घाल दोन थेंब. मशीन अडलं की आम्ही आधी तेच करायचो."

तेल घालावं की नाही याबद्दल सुनेच्या मनात शंका होती. पण सासूबाई पहिल्यांदाच आपणहून काही सांगत होत्या. तिने मान डोलावली. सासूबाई लगबगीने आपली तेलाची कुपी घेऊन आल्या आणि अगदी मायेने दोन थेंब सोडले.

तिने छर्रे भरले आणि विणकामाच्या सुईने एकेक पलीकडे ढकलून पाहू लागली. एक ढकलला, चकती सरकली. दुसऱ्यालाच सगळं ठप्प. शिशाची धूळ तेलात कालवली जाऊन आत काळं काजळ झालं होतं.

सासूबाईंचा चेहरा पडला. "मीच घाण केली बघ. नको त्यात नाक खुपसलं."

"तुम्ही एकट्या कुठे? मी मान डोलावलीच की," ती म्हणाली. "आता दोघींनीच निस्तरायचं."

तिने मधला स्क्रू काढला, झाकण उचललं, आणि काय होतंय हे कळायच्या आत टिण्णकन आवाज करून स्प्रिंग उडाली.

मग शोधाशोध. सून टेबलाखाली, सासूबाई टॉर्च घेऊन फ्रिजमागे. खुर्च्या हलल्या, पायपुसणी झटकून झाली, चहाचा कपसुद्धा ढवळून पाहिला. शेवटी सून कंबर धरून उठली आणि बघतच राहिली.

"आई, हलू नका."

"का गं? पाल आहे का?"

"स्प्रिंग आहे. तुमच्या अंबाड्यात."

सासूबाईंनी डोक्याला हात लावला आणि हसू फुटलं ते थांबेना. सुनेला तर स्प्रिंग केसांतून सोडवता सोडवता डोळ्यांत पाणी आलं. चहा केव्हाच गार झाला होता. सासूबाईंनी दुसरा केला आणि खुर्ची तिच्या शेजारीच ओढून घेतली.

सगळे भाग स्पिरिटने पुसून कोरडे केल्यावर तिने स्प्रिंग भिंगाखाली धरली. दुखणं तिथेच होतं. टोकाचा आकडा झिजून जवळजवळ सरळ झाला होता. त्यामुळे तो खाचेतून निसटायचा आणि स्प्रिंगचा सगळा ताण वाया जायचा.

"हळूच वाकव," सासूबाई कुजबुजल्या. "अशी तार एकदम वाकवली की तुटते. मी तोडल्यात ना कितीतरी."

चष्म्याच्या नाकाजवळच्या पट्ट्या वाकवायची पक्कड घेऊन तिने बेताबेताने आकडा घडवला. तो खाचेत बसवला आणि स्प्रिंग जुनी झाली म्हणून तिला एक वेढा जास्त दिला. पण चकती दाबून धरायची, झाकण बसवायचं आणि स्क्रूही पिळायचा, याला दोन हात पुरेनात. सासूबाईंनी न सांगता अंगठा पुढे केला. "पिळ. मी नाही सोडत."

स्क्रू बसला. तिने छर्रे भरले. एक गेला, दोन गेले. चौथ्याला दोघींनी श्वास रोखला. तोही गेला. शेवटचा छर्रा टॉवेलवर टपकला तेव्हा सासूबाईंनी चक्क टाळी वाजवली.

नेमका तेव्हा नवरा दार उघडून आत आला. हातात डबी. "हे घे, नवं कोरं. आता त्या भंगाराचा नाद सोड."

त्याला सुईने शेवटपर्यंत प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं. त्याने डबी पुन्हा खिशात घातली. "बरं. मग हे परत करतो."

"परत कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "राहू दे. मला लागेल."

"तुला? आई, तू काय करणार त्याचं?"

"लोणचं घालीन! अरे, नेम धरणार, दुसरं काय?"

रविवारी स्पर्धा बघायला सासूबाई आणि नवराही आले. जुनं मॅगझिन एकदाही अडलं नाही. ती पाचवी आली, आणि बोल्ट दर वेळी सरळ पुढे जातो या सुखापुढे तिला पाचवा नंबरही भारी वाटला. मेजरांनी मॅगझिन उलटंसुलटं करून पाहिलं. "कुठून करून आणलंत?" ती म्हणाली, "घरीच. आम्ही दोघींनी."

सगळं आटोपल्यावर मेजरांनी सासूबाईंना वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दिली, त्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला, खांदा कसा ठेवायचा ते सांगितलं. पहिला छर्रा कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. पुढचे दोन निशाण्याच्या कागदाच्या कडेला लागले. त्यानंतरचा काळ्या वर्तुळाच्या अगदी काठावर बसला आणि मेजरांनी अशी काही आरोळी ठोकली, की पलीकडच्या खोलीतून दोघे जण धावत आले.

घरी परतताना सासूबाई पुढे बसल्या नाहीत. सासू-सुना दोघी मागच्या सीटवर बसल्या, मधे तो भोकं पडलेला कागद. श्वास कधी रोखायचा, खांदा का दुखतो, उजवा डोळा की डावा, असं काय काय चाललं होतं. नवरा भाड्याच्या ड्रायव्हरसारखा पुढे एकटा. त्याने दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला, आणि रेडिओ बंद करून त्यांचं ऐकत गाडी चालवत राहिला.