झाऊची खरूज

पाटी: झाऊ. स्थानिक वनस्पती. हात लावू नये.

चाळीस वर्षं हात लावतेय मी त्याला.

दुसरी पाटी: रुई. हिच्या मुळाशी ठिबकची नळी. रुईला पाणी! गाढव तोंड लावत नाही जिला, तिला शहरातून आलेले अन्वरसाहेब थेंबथेंब पाजतात. द्रा नदीच्या कोरड्या पात्रात कुंपण घालून त्यांनी बाग केलीय म्हणे. आमच्याच झाडांची. आम्हाला दाखवायला.

माझा झाऊ त्या कुंपणात गेला. गावात गाठी धरणारा तेवढाच एक. पिकलेल्या गाठी कुटून चोळल्या, की बकऱ्याच्या कातड्याचं चामडं होतं. नाही चोळल्या, की नुसती घाण. माझ्या खड्ड्यात अकरा कातडी केस काढून भिजत होती. गाठी पिकायला आठवडा उरला होता.

तेव्हा अन्वरसाहेबांनी विचारलं. नीट, अदबीनं, ‘लल्ला’ म्हणजे बाईसाहेब म्हणून विचारलं, हे मान्य.

"लल्ला यामना, फांद्यांवर या गाठी कसल्या? रोग आहे का?"

इथली पाच वर्षांची पोर सांगेल.

"खरूज झालीय बिचाऱ्याला," मी म्हटलं. "छाटा लवकर. नाहीतर तुम्हालाही होईल."

माझी नणंद तूदा पोट धरून हसली. मग कानाशी लागली, "अगं, तो लिहून घेतोय."

"लिहू दे. दुसरं येतं काय त्याला?"

मी बाजाराला गेले. दोन दिवस.

आले तेव्हा:

खांब. खांबाला पानं नाहीत. शेजारी राख.

"वाचलं झाड, लल्ला!" अन्वरसाहेब लांबूनच ओरडले. "तुम्ही वेळेवर सांगितलंत. सगळ्या फांद्या जाळल्या, एक गाठ ठेवली नाही."

मी काठीनं राख उकरली.

"काही हरवलंय का?"

"नाही."

तूदा म्हणाली, "गाठींऐवजी डाळिंबाची सालं आणू? नदीपलीकडच्या बायका वापरतात."

"त्या बायका जे करतात, त्याला मी चामडं म्हणत नाही."

हेही मीच म्हटलं. पुन्हा सांगते, मीच.

आठव्या दिवशी खड्ड्याला वास सुटला. अकराच्या अकरा कातडी गाढवावर लादून गावाबाहेर फेकायला निघालो. मागे कुत्री. तूदा ओढणी नाकाला लावून चालत होती.

"आज हसत नाहीस?" मी विचारलं.

"तू सांग," ती म्हणाली, "कुणाला हसू?"