ग्रे सायलोची झांज

ममता दिग्रसच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि सुट्टीच्या दिवशी बास गिटार वाजवायची. शिकत असताना तिला ‘ग्रे सायलो’ या अमेरिकन बँडचं वेड लागलं. ओहायोतल्या एका कारखान्याच्या गावातले चौघे. पाच वर्षांत त्यांनी तीन रेकॉर्ड काढल्या, त्या कोणी घेतल्या नाहीत आणि त्र्याऐंशी साली बँड मोडला. पण पुढे त्यांचं ऐकून कुठकुठल्या गावांत लोकांनी बँड काढले. त्यातलाच एक ममताचा. गिटारवर धाकटा भाऊ संघदीप, ड्रमवर लग्नाच्या वरातीत ताशा वाजवणारा अंकुर.

या अंकुरनं तिचं डोकं उठवलं होतं. ग्रे सायलोचा ड्रमर ड्रमसेटवरची झांज, म्हणजे सिम्बल, वाजवतच नसे. नुसते कोरडे, एकसारखे ठोके. अंकुर प्रत्येक कडव्यानंतर झणकन झांज हाणायचा.

“अंकुर, पुन्हा?”

“ताई, हात आपोआप जाते.”

“मंग बांधून ठेव! किती वेळा सांगू तुले?”

“पर काहून नाही वाजवाची?”

“त्यायनं नाही वाजवली म्हणून!”

तीन महिने हेच चाललं. एका रविवारी अंकुरनं काड्या खाली ठेवल्या. “मले नाही जमत. तू दुसरा पाहा,” म्हणाला आणि निघून गेला.

दिग्रसात दुसरा ड्रमर आणायचा कुठून? वैतागून ममतानं ग्रे सायलोच्या म्हाताऱ्या ड्रमरलाच ईमेल केला: झांज न वाजवण्याचं तुमचं तत्त्व आमच्या माणसाला कसं समजावू?

अकरा दिवसांनी उत्तर आलं. ‘तत्त्व कसलं? आमची झांज पहिल्याच दौऱ्यात चोरीला गेली. दुसरी मिळेपर्यंत पहिल्या रेकॉर्डचं काम आटोपलं. नंतर टीकाकारांनी त्यातच तत्त्व शोधलं, मग आम्हीही पुढे तसंच वाजवत राहिलो. चाळीस वर्षं हाच प्रश्न. कंटाळा आला. तुमचा ड्रमर काय वाजवतो, ते पाठवा.’

संघदीप पोट धरून हसला. ममता त्याच्यावरही खेकसली. मग स्कूटी काढून तडक अंकुरच्या घरी गेली.

“रविवारी ये.”

“आन झांज?”

“वाजव! फोड पाहिजे तर!”

रविवारी गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं. संघदीपनं ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. ममतानं तीनदा ऐकलं. चांगलं झालं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

“पाठवू का त्यायले?” संघदीपनं विचारलं.

“पाठव,” ती म्हणाली, “आन पुढच्या खेपेले तुझी गिटार आधी सुरात लाव.”