शेवटचं टपालयान

आज काहीही झालं तरी आपण बोलायचंच, असं ठरवून क्यंगरान घरातून निघाली. खांद्यावरच्या पिशवीत 'शेवटचं टपालयान' या जुन्या चित्रकथेचे नऊ भाग होते. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, दुसऱ्या भागावर कुणीतरी सांडलेल्या कालवणाचा डाग. ती औषधांचं दुकान चालवायची, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली मान घालून हेच वाचत बसायची.

कोरियातल्या देजॉन शहरातली विज्ञानकथा आणि चित्रकथा वाचणारी मंडळी महिन्यातून एका शनिवारी दुपारी कॉमिक्सच्या एका कॅफेत जमायची. चपला दाराशी काढायच्या, उबदार जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि सध्या आपण काय वाचतोय ते एकेकाने सांगायचं. नियम एवढाच. पण प्यो तेउक यांच्यापुढे नियमाचं काही चालत नसे. रेडिओवर हवामानाच्या बातम्या देण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर आवाज तसाच राहिला, फक्त त्याला थांबवणारा माणूस उरला नाही.

"तर मंडळी, आता या लेखकाची गंमत बघा," ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. एका कादंबरीवरून दुसरीवर, तिथून अंतराळवीरांच्या जेवणावर, तिथून स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनवर. क्यंगरान कोपऱ्यात बसायची, त्यामुळे तिचा नंबर शेवटी. तो यायचा तेव्हा कुणी घड्याळाकडे बघत उठलेलं असायचं, कुणाची बस असायची. गेल्या कित्येक बैठकांना ती पिशवी जशी आणली तशी घरी घेऊन गेली होती.

"ताई, आज तुम्ही आधी," कॅफे चालवणारी सेही बार्लीचा चहा ठेवता ठेवता मोठ्याने म्हणाली. तिच्याही सहनशक्तीचा अंत झाला असावा. "प्यो सर, तुम्ही जरा नूडल्स खा."

प्यो सरांनी खरंच तोंडात नूडल्स भरले. क्यंगरानने घाईघाईने पुस्तकं बाहेर काढली.

"ही एका टपालयानाची गोष्ट आहे," ती म्हणाली. "यानाची कप्तान बाई आहे. एका लांबच्या वसाहतीतून वर्षानुवर्षं एकाही पत्राचं उत्तर आलेलं नाही, तरी ही बाई तिथलं टपाल घेऊन निघते. वाटेत इंधन संपतं, सोबती सोडून जातात. नवव्या भागाच्या शेवटच्या चित्रात ती वसाहतीचं दार ठोठावते आणि दार उघडायला लागतं. बस्. दहावा भाग मला कुठेच मिळत नाहीये. कुणाकडे असला तर मला हवाय. पण हात जोडते, शेवट कुणी सांगू नका."

"अहो, हे होय!" प्यो सर नूडल्ससकट ओरडले. "लहानपणी वाचलंय मी! त्यात आत कुणीच नसतं. कप्तान टपालाची थैली उशाला घेऊन बर्फात झोपते आणि मरते. काय रडलो होतो मी!"

सेहीने कपाळाला हात लावला.

"मी आत्ता काय म्हटलं?" क्यंगरानने विचारलं.

"काय म्हटलंत?"

"शेवट सांगू नका म्हटलं!"

"अहो, पण इतकं जुनं पुस्तक! त्यात कसलं आलंय गुपित?"

तिने नऊच्या नऊ भाग पिशवीत कोंबले, चपला नीट न घालताच ती जिना उतरली. बसमध्ये तिला रडू आलं, आणि या वयात चित्रकथेसाठी रडतेय म्हणून स्वतःचाच आणखी राग आला. पुढचे कितीतरी दिवस तिच्या डोक्यातून ते जाईना. खोकल्याचं औषध देतानासुद्धा ती बाई बर्फात पडलेली दिसे. एवढी माणसं गमावून, एवढे ग्रह ओलांडून जायचं आणि मरायचं? आणि तेही नूडल्स चघळणाऱ्या माणसाच्या तोंडून कळायचं?

पण मेली तर मेली, आपल्या डोळ्यांनी तरी बघू, असं म्हणून तिने शोध सोडला नाही. बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराने पुस्तकाचं नाव ऐकताच मान हलवली.

"दहावा? बाई, दहावा निघालाच नाही. प्रकाशकाने गाशा गुंडाळला. तुमच्यासारखे पुष्कळ येऊन गेले माझ्याकडे."

"नक्की?"

"माझ्याच दुकानात लोकांनी आगाऊ नावं नोंदवली होती. त्यांच्या शिव्या मीच खाल्ल्यात."

क्यंगरान गल्लीतच उभी राहिली. शेवट नाही, म्हणजे कधीच मिळणार नाही, हे आधी जाणवलं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे प्यो तेउकने थाप मारली!

पुढच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली, कोपऱ्यात नाही, बरोबर प्यो सरांच्या समोर.

"सर, दहावा भाग तुम्ही स्वतः वाचलात?"

"म्हणजे काय! मला गोवर झाला होता तेव्हा."

"मुखपृष्ठ कसं होतं?"

"मुखपृष्ठ... ते नाही आठवत. पण चित्र स्वच्छ आठवतंय. बर्फ, थैली, उघडं दार."

"दहावा भाग छापलाच गेला नाही. बाजारात जाऊन विचारा."

कुणीतरी खुदकन हसलं. प्यो सरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं बोलतोय? अहो, मी चित्र पाहिलंय! माझ्या ताईने उशाशी बसून वाचून दाखवलं होतं. थांबा, तिलाच विचारतो."

त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. त्यांची थोरली बहीण कुनसान शहरात खानावळ चालवायची. फोनमधून भांड्यांचा खडखडाट ऐकू आला.

"काय रे? ऐन गर्दीच्या वेळी?"

"ताई, 'शेवटचं टपालयान'चा दहावा भाग तू मला वाचून दाखवला होतास ना?"

"कसलं यान?"

"अगं, गोवर झाला होता तेव्हा! कप्तान, थैली, बर्फ!"

पलीकडे ती खो खो हसायला लागली. "अरे गाढवा, तो मीच काढला होता! शाळेच्या वहीत, पेन्सिलीने. पुस्तक येईना आणि तू रडून रडून ताप वाढवून घेतलास. आई म्हणाली, काहीतरी करून याला गप्प कर."

प्यो सर बघतच राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचत नव्हता. क्यंगरानला आता आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून तोही धड होईना, आणि याचीच तिला चीड आली.

"पण कप्तानला मारलंस का गं?" ते शेवटी हळूच म्हणाले.

"मी? मी कुठे मारलं? आजारी पोराला कुणी असला शेवट सांगतं का? झोपली होती ती. तूच पुढचं न ऐकता झोपी गेलास."

क्यंगरानने टेबलावरून झेप घेत फोन स्वतःकडे ओढला. "ताई, नमस्कार. मी तुमच्या भावाच्या वाचनमंडळातली. मग पुढे काय होतं? दाराआड कोण असतं?"

"कोण असतं म्हणजे?"

"तुम्ही काढलं होतं ना काहीतरी!"

"अगं बाई, काढलं असेल! पन्नासेक वर्षं झाली, मला काल काय शिजवलं ते आठवत नाही." मागून कुणीतरी हाक मारली. "अरे देवा, उतू गेलं! ठेवते!"

फोन बंद झाला.

"पुन्हा लावा," क्यंगरान म्हणाली.

"आता नाही उचलायची," प्यो सर म्हणाले. "उचललाच तर शिव्या देईल."

"आणि वही?"

"आमचं ते घर केव्हाच पाडलं हो."

त्या दुपारी कुणी काय वाचतंय ते कुणीच धड सांगितलं नाही. सगळे दाराआड कोण असेल यावरच भांडत बसले. कुणी म्हणे यंत्रमानव, कुणी म्हणे लहान मुलगी. क्यंगरानला एकही उत्तर पटलं नाही. मूळ चित्रकाराने काय ठरवलं होतं, ते तिला हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. निघताना तिने पिशवी उचललीच नाही.

"ही तुमच्या फडताळात ठेवा," ती सेहीला म्हणाली. "मला डोळ्यांसमोर नको."

"मी वाचू?"

"शेवट नाहीये गोष्टीला. आधीच सांगून ठेवते."

"चालेल की," सेही हसत म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, क्यंगरानचा फोन वाजला.

"ताई, हा काय छळ आहे?" सेही जवळजवळ किंचाळत होती. "दार उघडतंय आणि पुस्तक संपतं? असं कुणी करतं का? मी दोन रात्री झोपले नाहीये!"

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत, पण असं असेल ते कुठे सांगितलंत! आता मी काय करू?"

"काही करू शकत नाहीस," क्यंगरान म्हणाली. समोरचं गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करून ताटकळत उभं होतं. तिने त्याला हातानेच थांबायची खूण केली आणि स्टूल ओढून बसली. "बोल, कप्तानला सोडून गेलेल्या त्या सोबत्यांचा तुला राग आला की नाही?"