वरची बाजू कुठली?

मी कोअर बोलतोय. म्हणजे समुद्राच्या तळाखालून खोदून काढलेला, वीतभर लांबीचा, वाळूच्या खडकाचा गोल तुकडा.

जन्म माझा खोल समुद्रातला. किनाऱ्याकडून गढूळ पाण्याचे लोंढे यायचे. जाड वाळू आधी बसायची, बारीक तिच्यावर. शेवटी आमच्या डोक्यावर चिखलाचं जाड झाकण साचलं. पुढे जमिनीखालचे दोन अवाढव्य पट्टे एकमेकांना रेटू लागले आणि चादर एका टोकाने ढकलावी तशा आमच्या थरांना घड्या पडल्या. मग खालून तेल आलं. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वाळूच्या कणांतून वाट काढत ते घडीच्या माथ्याशी गेलं आणि चिखलाखाली अडकलं. घडी आधी पडली होती म्हणून बरं, नाहीतर तेल कुठल्या कुठे निघून गेलं असतं. मी मात्र उतारावर, खारं पाणी पिऊन बसलेलो. माथ्यावर काय थाट असेल, याची मला भारी उत्सुकता!

माणसांची पहिली विहीर नेमकी माझ्यावर आली. अर्थात पाणीच लागलं. बाकीच्या खडकाचा चुरा झाला, मी तेवढा धड राहिलो. वरची बाजू कळावी म्हणून जहाजावर माझ्या अंगावर शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या. लाल उजवीकडे, काळी डावीकडे. धुताना काळी पुसली गेली. कार्यालयातल्या भूगर्भतज्ज्ञ बाईंनी ती पुन्हा काढली, पण लालच्या भलत्याच बाजूला. झालं! लाल उजवीकडे येईल असं मला धरायचं, म्हणून मी डोक्यावर उभा. माझे थर पूर्वेकडे चढणारे, ते पश्चिमेकडे चढताना दिसू लागले. यंत्रांनी काढलेलं तळाखालचं चित्र तिथे धूसर होतं, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. दुसरी विहीर पश्चिमेला ठरली. तीही वाया गेली, तर इथलं काम कायमचं बंद होणार होतं.

बाईंना एक खोड आहे. खडक दिसला की जिभेने ओला करायचा आणि भिंगातून बघायचा. ती खोदायला जहाज निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सहज उचललं, चाटलं आणि तशाच थांबल्या.

"अगं बाई! जाड वाळू वर कशी?"

मला दोन्ही हातांत धरून त्या विभागप्रमुख साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हा उलटा आहे. रेघ मीच चुकीची काढली. माथा पूर्वेला आहे."

"उद्या जहाज निघतंय आणि तुम्ही आज सांगताय?"

"आज सांगतेय म्हणून नुसता ओरडा खातेय. परवा सांगितलं असतं तर रडावं लागलं असतं."

साहेबांनी भिंग मागितलं. बराच वेळ बघून म्हणाले, "रेघा तपासून सही मीच केली की हो! चला, जहाजवाल्यांच्या शिव्या दोघं मिळून खाऊ."

विहीर पूर्वेला खोदली. पुढचे दिवस बाईंचा चहा रोज माझ्याशेजारी गार व्हायचा. मग एका सकाळी माझ्या बाजूला एक नवी पेटी आली. आत माझ्याच थरातला भाऊबंद, थेट माथ्यावरून आलेला. काळाकुट्ट, चिकट, घमघमणारा! बाईंनी वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"लागलं हो, साहेब!" म्हणाल्या आणि रडल्याच.

मीही पोटभर वास घेतला. इतकी युगं ज्याचा विचार करत होतो, ते हे होतं तर!

आता मी बाईंच्या टेबलावर असतो. येणारा प्रत्येक जण मला उचलतो आणि हमखास उलटा ठेवतो; बाई बोलता बोलता मला सुलटा करतात. तुम्हीही या. उचला, बघा, हवं तर चाटा. फक्त ठेवताना जाड वाळू खाली ठेवा, एवढीच विनंती.