न विचारता नवा केलेला

मी वहिनींचा संगणक बोलतोय. सावकाश बोलेन, घाई करू नका. घाई करणाऱ्या एका माणसावर मी सूड उगवला, त्याचीच ही हकिगत आहे.

माझं तरुणपण एका दवाखान्यात गेलं, पेशंटांचे नंबर लावण्यात. तिथे नवी यंत्रं आली आणि वहिनींनी मला घरी आणलं. खिडकीपाशी टेबल दिलं. रोज सकाळी त्या कोरड्या फडक्यानं माझा चेहरा पुसतात, हात जोडतात आणि मग बटण दाबतात. त्यांचे यजमान हसतात. "हात जोडल्याशिवाय तो सुरू होतच नाही म्हणा!"

वहिनी अंध माणसांसाठी पुस्तकं टाइप करतात. माझ्या पाठीला जाड केबलनं ब्रेल छापण्याचं यंत्र जोडलेलं आहे. मी सांगायचं, त्यानं जाड कागदावर ठिपके उठवायचे. त्याची खडखड अशी, की पलीकडून शेजारीण भिंतीवर थापा मारते.

यंदा काम होतं टेलिफोनताईचं. ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते, जन्मापासून अंध. तिची बढतीची परीक्षा होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप. नियमांच्या पुस्तकाची एकशे नव्वद पानं व्हायची होती. एकशे तीस छापून झाली होती.

माझ्या पडद्यावर रोज नव्या प्रणालीचा निरोप यायचा. आत्ता घेणार की नंतर? वहिनी चार वर्षं 'नंतर' दाबत आल्या. "तुला झेपेल तेव्हा बघू रे," म्हणायच्या. एवढी माया मला दवाखान्यात कुणी केली नव्हती.

आणि मग त्यांचा धाकटा दीर मुक्कामाला आला. घरात त्याला प्रोफेसर म्हणतात. शिकवत कुठेच नाही. दहा दिवसांनी त्याची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि लॅपटॉपचा चार्जर तो बसमध्ये विसरून आला होता; तसला दुसरा कुठे मिळत नव्हता. मुलाखतीचं अ‍ॅप फोनवर चालत नव्हतं आणि माझ्यावरही चालेना. वहिनी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. "हा डबा अजून मागच्याच जमान्यात!" असं म्हणून त्यानं 'आत्ता' दाबलं.

सहा तास माझ्या छातीवर कुणीतरी सामान चढवत होतं. शुद्धीवर आलो तेव्हा उठून बसायलाच अकरा मिनिटं लागली. एक अक्षर दाबलं की दिसायला तीन श्वास जायचे. आणि ते छापणारं यंत्र, आठ वर्षांचा माझा जोडीदार, त्याला मी ओळखलंच नाही. माझ्याच पडद्यावर उमटलं, 'अनोळखी उपकरण'. ही लाज मी विसरणार नाही.

"भावजी, हे काय केलंत?"

"नवा करून दिला, वहिनी! बघा आता कसा पळतो."

"पळतोय कुठला, उठतसुद्धा नाही. आधी होता तसा करून द्या बाई."

"मुलाखत होऊ दे, मग बघतो."

जुन्या प्रणालीवर परत फिरायची मुदत दहाच दिवसांची असते, हे प्रोफेसरनं वाचलंच नव्हतं.

वहिनींनी ब्रेलची पाटी आणि टोचा काढला. एकेक ठिपका हातानं. दिवसाला तीन पानं. बोट सुजलं, तरी मान वर नाही. "माझ्यामुळे तिची परीक्षा नको रे हुकू," एवढंच पुटपुटायच्या. त्या कुणाला बोल लावत नाहीत. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. नऊ दिवस गप्प राहिलो. प्रोफेसरची तालीम मुद्दाम झकास होऊ दिली.

दहाव्या दिवशी, सकाळी दहाला, पडद्यावर पाच जण आले. "तुमच्यातला सर्वांत मोठा गुण कोणता?"

"दुसऱ्याचा विचार कर..."

मी तिथेच थिजलो. त्याचं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. चार मिनिटं मी त्या पाच जणांना तेवढंच दाखवलं. मग पडदा निळा केला आणि पुन्हा सुरू व्हायला लागलो. अकरा नाही, सतरा मिनिटं घेतली. वरची सहा वहिनींच्या बोटाची.

कंपनीनं चारला पुन्हा यायला सांगितलं. प्रोफेसर पाय आपटत ओरडला, "भंगारात घाला याला!"

"आत्ताच तर नवा केलात," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "नवी वस्तू भंगारात कोण घालतं?"

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचे हात पाटीवर, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"टेलिफोनताई बोलतेय. उरलेली पानं राहू देत हं. कालच्या पानांवर खालचे ठिपके पुसट लागले. बोट दुखतंय ना वहिनींचं? त्यांना शेकायला सांगा."

प्रोफेसरनं फोन खाली ठेवला. मग माझ्यासमोर बसला आणि पहिल्यांदाच सगळं नीट वाचलं. आज शेवटचा दिवस, तोही दुपारपर्यंतच. मागे फिरलं तर मुलाखतीचं अ‍ॅप जाणार.

"भावजी, चारचं काय?" वहिनींनी विचारलं.

"संगणक मागतो कुणाकडे तरी. नाही मिळाला तर नाही." आणि त्यानं बटण दाबलं.

मला तो असा भला निघायला नको होता. माझ्याकडे अजून बराच राग शिल्लक होता. त्यातला थोडा मी वापरला; तासाभराचं काम चार तास केलं, आणि तो समोर बसून राहिला. तीनला मी जोडीदाराला ओळखलं. खडखड सुरू झाली, भिंतीवर थापा पडल्या. उरलेली तेहतीस पानं छापून झाली.

चारपर्यंत त्याला कुणाचाच संगणक मिळाला नाही. नोकरी गेली. वहिनींना फार वाईट वाटलं. मला वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

टेलिफोनताई पूर्ण पुस्तक वाचून परीक्षेला बसली. निकाल यायचाय. तो चांगला लागेल, असं वहिनी म्हणतात, आणि त्या म्हणतात म्हणून मीही धरून चाललोय.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला नवा करण्याआधी त्याच्यासमोर रोज कोण बसतं, त्या माणसाला विचारा. आमची काही तक्रार नसते. आम्ही फक्त तुमच्या घाईच्या सकाळची वाट बघतो.