तळ्याखालची बाग

डोंगराच्या सोंडेपासून नदीपर्यंत एकाच ओढ्यावर सहा गावं वसली होती, आणि सहाही एकमेकांना पाण्यात पाहत. वरची गावं झाडं तोडत, मधली ओढा अडवत, खालची त्यांच्या नावानं बोटं मोडत. या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचं काम जिच्या गळ्यात पडलं, ती त्याच खोऱ्यातली लेक. शिकून इंजिनिअर झालेली, पाणलोटाच्या कार्यालयात नोकरी करणारी. तोंडावर लोक तिला पाणीवाली बाई म्हणत. मागे काय म्हणत, ते तिनं कधी विचारलं नाही.

काही वर्षं तिनं दारोदार पायपीट केली. उतारावर चर खणायचे, झाडं लावायची, मधोमध एक मोठं तळं बांधायचं आणि उन्हाळ्यात त्याचं पाणी सगळ्यांच्या संमतीनं ओढ्याला सोडायचं. एकानं अंग काढलं तर सगळ्यांचंच मुसळ केरात, हे तिनं माणसागणिक सांगितलं. हळूहळू गावं वळली, आणि तळ्याच्या जागेवर गाडी येऊन अडली.

जागा दोन होत्या. एक वरच्या गावाची चराईची माळजमीन, पण तिथला खडक भेगाळलेला. दुसरीच्या खाली अखंड कातळ होता. ती जागा म्हणजे तिच्या वडिलांची अंजिराची बाग.

शाळेच्या मोठ्या खोलीत सहा गावांची बैठक भरली, तेव्हा तिनं भिंतीवर नकाशा लावून दोन्ही जागा दाखवल्या. वरच्या जागेत पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशीच झिरपून जाईल, खालच्या जागेत टिकेल, हे तिनं नकाशावर बोट ठेवून सांगितलं. वरच्या गावाचा पुढारी मुद्दाम गोड आवाजात म्हणाला, बाई सांगतात तर खरंच असेल, पण पाहू या, बाईंच्या घरचे काय म्हणतात. खोलीत खसखस पिकली. मग सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथं तिचे वडील, आप्पा, बसले होते. घरी हा विषय काढायचा तिला धीरच झाला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट त्यांनाही इतरांच्या सोबतच कळली.

आप्पा बाकाला धरून उठले.

"बाग बरी असेल तर बाग घ्या," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. वरच्या पुढाऱ्यानं सगळ्यांच्या आधी सही केली. तिला मागे वळून पाहवलं नाही. आप्पांनी होकार पाण्यासाठी दिला नव्हता. भर सभेत लेकीची मान खाली जाऊ नये, म्हणून दिला होता. हे तिला तिथंच कळलं, आणि तरीही तिनं नकाशाची गुंडाळी करून तो काखेत मारला.

धाकटा भाऊ त्या रात्री जेवला नाही. बाग तोच कसत होता. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ताई, सहा गावं एक केलीस आणि आपलं घर फोडलंस."

झाडं काढायला यंत्र येणार होतं. आप्पांनी ते बांधावरूनच परत पाठवलं. आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ती रोपं लावली होती. आई गेली, झाडं राहिली होती. आप्पांनी स्वतः करवत घेतली. ती रजा टाकून मदतीला गेली, तर त्यांनी तिच्या हाती करवत दिली नाही, फांद्या ओढायला सांगितल्या. अंजिराचा चीक हाताला लागून तिची बोटं सोलवटली. संध्याकाळी आप्पांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि तेल लाव म्हणाले.

बदल्यात उतारावर जमीन मिळाली. आप्पांनी तिथं काहीच लावलं नाही. भाऊ शहरात कारखान्यात लागला, आणि ताईचा फोन घेईनासा झाला. शेवटी ती आप्पांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन आली. ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून राहत. कंटाळा आला का विचारलं तर म्हणत, "छे, इथं काय, बसायलाही जिना चढावा लागतो, तेवढंच काम." तिला हसू येई, पण ते लगेच विरून जाई.

खोऱ्यात मात्र दृष्ट लागावी असं काम उभं राहिलं. खालच्या गावांची माणसं घमेली-टिकाव घेऊन वर चर खणायला गेली. तळं भरलं. पाणी सोडायचा मान आप्पांना द्यायचं सहाही गावांनी ठरवलं, तेव्हा आप्पांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

त्या दिवशी ती एकटीच जाऊन आली. ती चपला काढत होती तेव्हा आप्पांनी विचारलं, "खरं सांग. वरच्या जागेत भागलंच नसतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "थोडंफार भागलं असतं, आप्पा. खालच्या दोन गावांना उन्हाळ्यात मिळालं नसतं."

आप्पा खिडकीकडे वळले. "मग बरोबर केलंस," म्हणाले. ताटावर बसले, आणि दोन घासांनी उठले. तिनं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या थंडीत आप्पा गेले. अरुंद जिन्यात सहा गावांची माणसं दाटली. एकमेकांच्या दारात पाणीही न पिणारी माणसं पायऱ्यांवर आळीपाळीनं खांदा देत होती. भाऊ आला, सगळं रीतीनं केलं, आणि चहाही न घेता निघाला.

काही महिन्यांनी गावांनी ठरवलं, तळ्याला आप्पांचं नाव द्यायचं. तिनं सांगितलं, माझ्या भावाला विचारा. पुढारी स्वतः शहरात जाऊन त्याला कारखान्याच्या फाटकापाशी भेटला. परत आल्यावर तो तिच्या कार्यालयात खुर्चीच्या कडेवर बसला, आणि भावाचा निरोप त्यानं खाली मान घालून सांगितला.

"तो म्हणाला, नाव नको. नाव दिलं की लोकांना वाटेल, आप्पांनी बाग आनंदानं दिली."

तिनं मान हलवली. तळ्याला अजून नाव नाही. लोक नुसतं तळं म्हणतात.