मंगळवारची गाडी

सीमाभागातल्या, जांबोटीच्या अलीकडच्या त्या गावात देवीचे वार पाळायची चाल जुनीच. जत्रेच्या आधी पाच मंगळवार शेतात जायचं नाही, कोयत्या-कुऱ्हाडीला हात लावायचा नाही, शीव ओलांडायची नाही. कोरोना आला तसे पंच देवळात बसले आणि जत्रा नसतानाही वार धरले. पूर्णिमाचा राग तेव्हापासूनचा. देवीवर नव्हे, पंचांवर. देवीला पुढं करून ही मंडळी आपली भीती झाकत होती, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण मच्छे गावच्या कारखान्यात काम करणारी, टाळेबंदीत घरी आलेली पोर ती. तिचं ऐकतो कोण? त्या पंचांत तिचे वडील भरमूआप्पाही होते.

आणि नेमकं मंगळवारीच सकाळी आप्पांच्या छातीत कळ आली. गोठ्यातून कसेबसे सोप्यात आले आणि भिंतीला टेकले. घामानं बंडी भिजली, डावा हात वर उचलेना.

“आप्पा, एकशेआठला फोन करूया.”

“नगो. आज वार हाय. मीच मोडला तर गाव काय म्हणंल? उद्या सकाळी बघू.”

“कळ काय वार बघून आली व्हय?”

आई, मालुबाई, कण्हल्यासारखी बोलली, “आगं, ती गाडी दारात आली की गल्ली बंद करत्यात. समद्यांस्नी उचलून न्हेत्यात म्हणं.”

त्या वर्षी हे असंच चाललं होतं. माणसं रोगापेक्षा रोग्याला न्यायला येणाऱ्या गाडीला जास्त भीत होती. बाळंतीण अडली, साप चावला, तरी फोनला हात लावायची छाती होत नव्हती. घरात तडफडायचं, पण दारात गाडी नको! असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

पूर्णिमानं परसात जाऊन फोन लावला. परत येऊन आप्पांचा घाम पुसत बसली. बऱ्याच वेळानं लांबून भोंगा ऐकू आला आणि तिच्या जिवात जीव आला. भोंगा शिवेपाशी थांबला. तिथं पंचांनी ऐनाची मोठी फांदी रस्त्यावर आडवी टाकली होती. आता फांदी बाजूला करतील, आता येतील, म्हणून ती दारात उभी राहिली. मग गाडीचा आवाज आला, पण लांब जाणारा.

ती अनवाणी धावत सुटली. शिवेवर तोंडाला टॉवेल गुंडाळून चारपाच जण बसले होते. त्यात आप्पांचा चुलतभाऊ गुंडूकाका पुढं.

“काका, गाडी कुठं गेली?”

“पाठवली परत. पेशंट बरा हाय म्हणून सांगिटलं. भरमूअण्णाला पित्त झालं असंल गं. उगंच आख्ख्या गावाला घोर लावू नगंस.”

“बघायला आलतासा? उंबऱ्यातनं तरी डोकावलासा? तुमचाच भाऊ हाय न्हवं तो?”

तिच्या तोंडाला येईल ते ती बोलली. लाज काढली, जन्मात कुणाला दिली नव्हती ती शिवी दिली. तिथंच उभं राहून तिनं पुन्हा फोन लावला. पलीकडची बाई कानडीत म्हणाली, तुमच्याच गावातून गाडी परत पाठवलीय ना? आता ती दुसऱ्या पेशंटला घेऊन खानापूरला गेलीय. मोकळी झाली की येईल.

ती घरी आली तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

“गाडी गेली?”

“गेली.”

“बरं झालं,” आप्पा म्हणाले.

तिला त्यांचाही असा संताप आला की गदागदा हलवावंसं वाटलं. पण हात घामच पुसत राहिला. उन्हं डोक्यावर यायच्या आत आप्पा गेले.

मालुबाईचा हंबरडा गल्लीभर गेला, पण एक दार उघडलं नाही. बातमी मात्र शिवेवर पोचली आणि सकाळी ज्याला पित्त झालं होतं, त्याला आता कोरोना झाला. मयत गावात ठेवायचं कसं? त्याच मंगळवारी, देवीच्या वाराला, कुऱ्हाडी निघाल्या. फांदीचे तुकडे करून बाजूला ओढले. गाडी पुन्हा आली तेव्हा गुंडूकाका “या, या, हिकडं या” करत तिच्यापुढं धावत वाट दाखवत होता.

गाडी दारात थांबली. प्लास्टिकच्या अंगरख्यातला माणूस पिशवी घेऊन घाईनं उतरला.

“पेशंट कुठं आहे?”

पूर्णिमा उंबऱ्यावरून उठली. रडू अजून फुटलंच नव्हतं. तिनं गुंडूकाकाकडं बोट केलं.

“ह्यास्नी इचारा. मघाशी पेशंट बरा हाय म्हणून ह्यांनीच सांगिटलंतं.”